ट्रान्सप्लांटनंतर अंगावर नवी गाठ दिसली तर काय करायचं

किडनी, लिव्हर, हार्ट, कुठलंही ट्रान्सप्लांट झालेलं माणूस घरात असेल आणि त्याच्या अंगावर नवी गाठ, चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली तर फार तर दोन आठवडे वाट बघा. तेवढ्यात गेली तर उत्तम. नाही गेली तर तिचा तुकडा काढून तपासायलाच हवा (ह्यालाच बायोप्सी म्हणतात), मलमं बदलत बसायचं नाही. आणि ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात कळवायचं, पुढच्या अपॉइंटमेंटला सांगू असं म्हणायचं नाही. एवढं जरी लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं, पण हे नीट कसं करायचं त्यात बऱ्याच खाचाखोचा आहेत म्हणून सविस्तर लिहितेय.

मी डॉक्टर नाही. माझ्या धाकट्या भावाला मी किडनी दिलीये, आम्ही धनकवडीत राहतो, आणि ट्रान्सप्लांटनंतर बरीच वर्षं सगळं सुरळीत चालू असताना त्याच्या पोटरीवर एक गाठ आली आणि ती व्हायरसमुळे होणारा स्किनचा लिम्फोमा, म्हणजे लिम्फच्या पेशींचा कॅन्सर, निघाली. आज तो बरा आहे, किडनी पण चालू आहे. डॉक्टर, सिस्टर, को-ऑर्डिनेटर ह्यांच्याकडून आम्हाला जे कळलं ते ओपीडीबाहेर बसलेल्या लोकांना, म्हणजे साताऱ्याहून, बारामतीहून पहाटेची एसटी पकडून आलेल्यांना, बहुतेक वेळा कुणी सांगितलेलंच नसतं. त्यांना क्रिएटिनिन (किडनी किती काम करतेय ते सांगणारा रक्तातला आकडा) पाठ असतं, टॅक्रोची म्हणजे टॅक्रोलिमस ह्या औषधाची रक्तातली लेव्हल पाठ असते, पण अंगावरच्या गाठीचा आणि ट्रान्सप्लांटचा काही संबंध असू शकतो हे माहीत नसतं.

हे होतं कशामुळे

एपस्टाइन-बार नावाचा व्हायरस आहे, डॉक्टर लोक ईबीव्ही म्हणतात. १९६४ मध्ये लंडनमध्ये अँथनी एपस्टाइन, इव्हॉन बार आणि बर्ट अचोंग ह्या तिघांना तो युगांडातल्या लहान मुलांच्या कॅन्सरच्या गाठींमध्ये सापडला. हा काही दुर्मिळ व्हायरस नाही, जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात तो आहे, म्हणजे तुमच्या-माझ्यातही असणारच. थुंकीतून पसरतो, आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो, साधा ताप-घसा म्हणून निघून जातो आणि कळतही नाही. पण तो शरीरातून जात मात्र नाही. रक्तातल्या बी-सेल नावाच्या पेशींमध्ये जन्मभर गप्प पडून राहतो आणि आपल्या टी-सेल, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पहारेकरी पेशी, त्याच्यावर नजर ठेवून असतात.

आता ट्रान्सप्लांटमध्ये नेमकं काय करतात तर शरीराने नवीन अवयव नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड अशी औषधं देतात आणि ही औषधं नेमकी त्या टी-सेलनाच दाबून ठेवतात. मग काही थोड्या लोकांमध्ये ईबीव्ही असलेल्या बी-सेल बेसुमार वाढायला लागतात. ह्या सगळ्या प्रकाराला पीटीएलडी (पोस्ट-ट्रान्सप्लांट लिम्फोप्रोलिफरेटिव्ह डिसऑर्डर) म्हणतात, त्यात साध्या वाढीपासून पूर्ण लिम्फोमापर्यंत सगळं येतं. किडनीवाल्यांमध्ये साधारण शंभरात एक-दोन जणांना होतं, फुफ्फुस आणि आतड्याच्या ट्रान्सप्लांटमध्ये बरंच जास्त, कारण तिथे औषधांचा मारा जास्त असतो. पहिल्या वर्षात धोका सगळ्यात जास्त आणि नंतर पाच-सात-दहा वर्षांनी पुन्हा एकदा वाढतो. त्यातही फक्त स्किनवरच येणं हे अगदीच क्वचित, त्यामुळे प्रत्येक पुळीला घाबरून रात्र जागवू नका, शंभरातल्या नव्व्याण्णव पुळ्या ह्या पुळ्याच असतात. मी हे लिहितेय ते त्या उरलेल्या एकीसाठी.

अजून एक गोष्ट, आणि ही मी डोनर म्हणून सांगतेय. ज्या पेशंटला आधी कधीच ईबीव्ही झालेला नाही, लहान मुलं विशेषतः, त्यांना डोनरच्या अवयवातून तो येऊ शकतो आणि अशांना धोका सगळ्यात जास्त असतो. हे कळल्यावर किडनी दिलेली आई किंवा बहीण स्वतःला खात बसते की माझ्यामुळे झालं. असं अजिबात नाहीये. हा व्हायरस जवळजवळ प्रत्येकात आहे, तो नसलेला डोनर शोधायचा तर ट्रान्सप्लांटच होणार नाहीत. आणि हा लिम्फोमा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवा, जवळ घ्या, काही होत नाही.

अंग कसं तपासायचं

महिन्यातून एकदा आणि ठरलेल्या दिवशी, नाहीतर राहून जातं. आमच्याकडे संकष्टी ठरलीये, ती महिन्याला येतेच आणि घरात कुणी विसरत नाही. आंघोळीनंतर अंग कोरडं करून दिवसाच्या उजेडात बघायचं, खिडकीजवळ किंवा गॅलरीच्या दारात पडदा लावून. ट्यूबलाइटमध्ये रंग नीट कळत नाहीत. मोबाइलचा टॉर्च वापरायचा पण सरळ वरून मारायचा नाही, अंगाला टेकवून आडवा धरायचा म्हणजे बारीक उंचवट्याचीसुद्धा सावली पडते आणि गाठ लगेच नजरेत भरते. ही युक्ती आम्हाला एका सिस्टरने दाखवली, भावाच्या मांडीवर मला काहीच दिसत नव्हतं आणि तिने टॉर्च आडवा केल्याबरोबर दोन बारीक टेंगळं दिसली (ती साधी चरबीची निघाली, पण दिसली हे महत्त्वाचं).

डोक्यापासून सुरू करायचं. कंगव्याने भांग पाडत पाडत टाळू बघायची, कानामागे, मानेवर, मग तोंड उघडून टॉर्चने हिरड्या, गालाची आतली बाजू, जिभेखाली. तोंड विसरू नका, कारण ईबीव्हीमुळे तोंडात नुसता एक अल्सर पण होऊ शकतो, एका जागी, कडा नीट दिसणारा आणि न भरणारा, आणि लोक त्याला उष्णता झाली म्हणून गुलकंद खात बसतात. मग छाती, पोट, ऑपरेशनचा व्रण आणि त्याच्या आजूबाजूची जागा, डायलिसिस झालेलं असेल तर फिस्टुलाचा हात (डायलिसिससाठी जिथे नसा जोडतात तो), पाठ, कंबर, बसायची जागा, मांड्या, पोटऱ्या पुढून-मागून, पावलं, तळवे, बोटांच्या बेचक्या. पाठ आणि पायाची मागची बाजू स्वतःला दिसत नाही म्हणून दुसरं माणूस लागतंच. पुरुषांना हे बायकोकडून नाहीतर बहिणीकडून करून घ्यायला लाज वाटते, माझा भाऊ पण सुरुवातीला म्हणायचा ताई राहू दे ना, पण दोनदा केलं की सवय होते. एकटे राहत असाल तर आरशाकडे पाठ करून मोबाइलने व्हिडिओ काढा आणि मग थांबवत थांबवत बघा.

डोळ्यांइतकंच बोटांनी बघा. आपल्या सावळ्या रंगावर लाली दिसत नाही, पुस्तकात लालभडक दाखवलेली गाठ आपल्या पायावर चॉकलेटी किंवा जांभळट काळी दिसते किंवा नुसती थोडी गडद. म्हणून तळहात सपाट फिरवायचा आणि काही टणक लागतंय का, डाव्या पायाला आहे ते उजव्याला आहे का, असं ताडून बघायचं. शेवटी मानेच्या दोन्ही बाजू, काखा आणि जांघा बोटांनी हलकेच चाचपायच्या, तिथे लिम्फच्या गाठी असतात.

काही सापडलं तर लगेच फोटो. शेजारी शाळेतली पट्टी ठेवून, एक फोटो लांबून म्हणजे पायाचा कुठला भाग ते कळेल असा आणि एक जवळून. दर चार-पाच दिवसांनी त्याच जागी, त्याच उजेडात परत. तारीख लिहून ठेवा. डॉक्टरांसमोर बसल्यावर "थोडी वाढलीये वाटतं" ह्यापेक्षा सहा मिलिमीटरची अकरा झाली हे फोटोत दाखवता येणं फार वेगळं असतं, तिथे निर्णय पटकन होतात.

कशाला घाबरायचं आणि कशाला नाही

ट्रान्सप्लांटच्या माणसाला स्किनचे शंभर त्रास असतात. स्टेरॉइडने पुटकुळ्या येतात, चामखिळी वाढतात, नागीण होते, पावसाळ्यात गजकर्ण ठरलेलं. हे सगळं डॉक्टरांना दाखवायचंच पण त्यात रात्री पळापळ करण्यासारखं काही नाही (नागीण सोडून, तिला पहिल्या दोन-तीन दिवसांत औषध लागतं).

काळजीची गोष्ट म्हणजे रबरासारखी टणक गाठ जी दुखत नाही, जांभळट किंवा गडद आहे, दोन आठवड्यांत बसत नाहीये किंवा वाढतेय. किंवा मधोमध फुटून जखम झालीये आणि भरत नाहीये. किंवा एकाच्या तीन झाल्या. न दुखणं ही चांगली खूण नाही, हे मी मुद्दाम सांगतेय कारण आपल्याकडे दुखत नाही ना मग काही नाही असंच म्हणतात. भावाची गाठ हरभऱ्याच्या दाण्याएवढी असल्यापासून सुपारीएवढी होईपर्यंत एकदाही दुखली नाही.

गाठीबरोबर ताप येतोय, रात्री घामाने बनियन भिजतंय, वजन उतरतंय, मानेत-काखेत गाठी लागतायत, पोटात दुखतंय, शौचातून रक्त जातंय किंवा क्रिएटिनिन विनाकारण वाढलंय तर दोन आठवडे बिलकुल थांबू नका. स्किनवरची गाठ कधी कधी आतल्या आजाराचं बाहेर दिसलेलं टोक असते. आणि ताप १००.४ च्या वर गेला तर त्याच दिवशी हॉस्पिटल, मग गाठ असो वा नसो, ट्रान्सप्लांटवाल्यांना हा नियम कायमचाच आहे.

मेडिकलवाल्याकडून काही आणायचं नाही

ह्या एका गोष्टीवर मी भांडायला तयार आहे. आपण कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जातो, दादा जरा पायाला काहीतरी झालंय म्हणतो आणि तो एक ट्यूब आणि चार गोळ्या देतो. ट्यूबमध्ये बहुतेक वेळा स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि फंगसचं औषध असं तिन्ही मिसळलेलं असतं. त्यातल्या स्टेरॉइडने गाठ काही दिवस बसल्यासारखी वाटते, आपण खुश होतो आणि नंतर बायोप्सी केली तर चित्र अर्धवट पुसलेलं मिळतं. गोळ्यांचं तर त्याहून वाईट. गजकर्णासाठी सर्रास देतात त्या इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोलमुळे रक्तातली टॅक्रोलिमसची लेव्हल एकदम वर जाते, किडनीला मार बसतो आणि प्रतिकारशक्ती अजून दबते. क्लॅरिथ्रोमायसिन पण तसंच करतं. उलट टीबीचं रिफाम्पिसिन लेव्हल खाली पाडतं आणि रिजेक्शन होऊ शकतं, म्हणजे शरीर नवीन अवयव नाकारतं. ह्यातलं कुठलंही औषध कधी लागतच नाही असं नाही, लागतं, पण ते ट्रान्सप्लांटचे डॉक्टर टॅक्रोचा डोस बदलून, लेव्हल बघत देतात. दुखतंय म्हणून पेनकिलर पण स्वतःच्या मनाने नाही, किडनीवाल्यांनी तर नाहीच.

तसंच घरगुती उपाय. हळद-चुन्याचा लेप, कुणी सांगितलेला चीक, हे लावल्याने कातडी भाजते आणि खालचं दिसेनासं होतं. आणि गुळवेलीचा काढा. आमच्या बिल्डिंगमधल्या एक काकू खरंच मायेने करून आणायच्या, प्रतिकारशक्ती वाढेल म्हणून. त्यांना मी बसवून सांगितलं, काकू, त्याची प्रतिकारशक्ती आम्ही औषधं देऊन मुद्दाम कमी ठेवलीये, ती वाढली तर ती माझ्या किडनीवरच उलटेल. त्यांना लगेच पटलं. शिवाय कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही लोकांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलंय. पपनससुद्धा नको, त्याने टॅक्रोची लेव्हल चढते.

फोन कुणाला, दाखवायचं कुणाला

पहिला फोन हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरला. ट्रान्सप्लांटची परवानगी असलेल्या प्रत्येक हॉस्पिटलला को-ऑर्डिनेटर ठेवावाच लागतो, त्यांचा नंबर फ्रिजवर लावून ठेवा. फोटो पाठवा, किती दिवस झाले ते सांगा आणि विचारा की स्किनच्या कुठल्या डॉक्टरांकडे जाऊ. जवळच्या स्किनवाल्याकडे गेलात तरी चालेल, पण आत गेल्या गेल्या पहिलं वाक्य हे बोलायचं: "माझं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन चालू आहे, आणि ही गाठ तीन आठवड्यांपासून वाढतेय." ओपीडीत वीस पेशंट बाहेर बसलेले असतात, डॉक्टरांना ते आपणहून कळणार नाही. औषधांची यादी डोससकट कागदावर लिहून न्या. आणि मग सरळ विचारा, डॉक्टर, ह्याची बायोप्सी करायची का? विचारायला कचरू नका, कुणाला राग येत नाही, उलट बऱ्याचदा तेही तोच विचार करत असतात आणि पेशंट तयार होईल का हा त्यांना प्रश्न असतो.

पुण्यात व्हायरस म्हटलं की सगळ्यांना एनआयव्ही, म्हणजे इथली राष्ट्रीय विषाणू संस्था, आठवते आणि दोन-तीन नातेवाइकांनी मला तिथे चौकशी कर म्हणून सुचवलं. त्याची गरज नाही. ह्या टेस्ट हॉस्पिटलच्या किंवा मोठ्या खाजगी लॅबमध्ये होतात, कुठे करायच्या ते टीमच सांगते.

बायोप्सी

बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो हे डोक्यातून काढून टाका. ह्या गैरसमजापायी लोकांचे महिने वाया जातात.

जागा बधिर करून तुकडा काढतात, टाके घालतात, आपण चालत घरी येतो. पण काही गोष्टी आधी बोलून घ्यायच्या. एक, सुई टोचून फक्त पाणी किंवा पेशी ओढून घेतात ती एफएनएसी टेस्ट लिम्फोमाचं निदान करायला पुरत नाही. शक्य असेल तर पूर्ण गाठ, नाहीतर चांगला खोलपर्यंतचा तुकडा हवा, कारण आजार वरच्या कातडीत नसून खाली असतो आणि वरवरचा तुकडा घेतला की रिपोर्ट येतो "नुसती सूज" म्हणून आणि परत सगळं पहिल्यापासून.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही आणि आमच्या वेळी सर्जनने आपणहून केली म्हणून मला कळली. तुकडा काढल्यावर त्याने ट्रेमध्येच त्याचे दोन भाग केले. मोठा भाग फॉर्मालिनच्या बाटलीत गेला आणि लहान भाग साध्या सलाइनच्या निर्जंतुक बाटलीत. मी विचारलं दोन कशाला, तर म्हणाले फॉर्मालिनमध्ये टाकलं की जंतू मरतात, मग कल्चर, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून ओळखणं, करता येत नाही. ट्रान्सप्लांटच्या माणसात अशीच दिसणारी गाठ फंगसची असू शकते, स्किनच्या टीबीची असू शकते, नोकार्डिया नावाच्या बॅक्टेरियाची असू शकते. शेतात काटा टोचून आत गेलेल्या काळ्या फंगसची (कोविडच्या वेळचं ब्लॅक फंगस नव्हे) गाठ तर हुबेहूब तशीच दिसते, आपल्याकडे जुन्नर-पुरंदरकडचे शेतीत काम करणारे पेशंट कितीतरी असतात. दोन्ही शक्यता एकाच वेळी तपासल्या की दुसऱ्यांदा कापावं लागत नाही. म्हणून बायोप्सीच्या आधी विचारा, कल्चरसाठी पण तुकडा पाठवताय ना?

तिसरं, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि पॅथॉलॉजीच्या फॉर्मवर "ऑर्गन ट्रान्सप्लांट पेशंट, पीटीएलडीची शंका" असं लिहिलंय का ते डोळ्याने बघा. हे लिहिलेलं असेल तरच पॅथॉलॉजिस्टला पुढच्या टेस्ट लावायचं सुचतं. त्यातली मुख्य म्हणजे ईबर, ह्यात तुकड्यातल्या पेशींच्या आत ईबीव्ही आहे का ते थेट दिसतं. बाकी सीडी-२०, सीडी-३०, सीडी-३ असे मार्कर असतात, त्यावरून बी-सेलचा की टी-सेलचा ते कळतं आणि त्यावरच औषध ठरतं. पहिला रिपोर्ट आला की लगेच निष्कर्ष काढू नका, मार्करचा रिपोर्ट मागाहून येतो. ते दिवस जड जातात, ह्याला काही उपाय मला सापडला नाही.

स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तो तुकडा, लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो. सेकंड ओपिनियनसाठी तो मागून घेता येतो, परळच्या टाटाला जाणारे लोक तेच घेऊन जातात, परत कापायची गरज नसते.

रक्ताची ईबीव्ही टेस्ट, आणि तिने होणारा घोळ

ईबीव्ही डीएनए पीसीआर म्हणून टेस्ट आहे, रक्तात व्हायरस किती आहे ते सांगते. रक्तात व्हायरस सापडला म्हणजे लिम्फोमा झालाच असं नाही आणि रक्तात नाही सापडला म्हणजे गाठ साधीच आहे असंही नाही, स्किनपुरताच आजार असेल तर रक्त स्वच्छ येऊ शकतं. एवढंच नाही, बरीच वर्षं उलटल्यावर येणारे काही लिम्फोमा, विशेषतः टी-सेलचे, ईबीव्हीशिवायच होतात. म्हणजे व्हायरस निगेटिव्ह आला म्हणून बायोप्सी रद्द करायची नाही. ही टेस्ट दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, वेगवेगळ्या लॅबचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. आणि आयजीजी-आयजीएम अँटिबॉडी टेस्ट ह्या निदानासाठी उपयोगाची नाही, उगाच पैसे घालवू नका.

निदान पक्कं झालं की पेट-सीटी करतात, आत अजून कुठे आहे का बघायला. एलडीएच, सीबीसी, हिपॅटायटिस बी ह्या रक्ताच्या टेस्ट पण होतात.

जाता जाता, एचएचव्ही-८ नावाच्या दुसऱ्या एका व्हायरसमुळे ट्रान्सप्लांटवाल्यांना कपोसी सार्कोमा होतो, पायावर जांभळे चट्टे येतात. तो लिम्फोमा नाही, उपचारही वेगळे, पण बघून फरक कळत नाही, तिथेही बायोप्सीच.

उपचार

पहिलं पाऊल बऱ्याचदा हेच असतं की प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करायची, म्हणजे शरीराच्या टी-सेल परत कामाला लागतात. सहसा मायकोफेनोलेट थांबवतात, टॅक्रो कमी करतात आणि स्टेरॉइड चालू ठेवतात. काही जणांची गाठ नुसत्या एवढ्याने विरघळते, तोंडातला किंवा स्किनवरचा तो एकटा अल्सर तर बऱ्याचदा ह्यानेच भरतो. पण हे वाचून कुणीही, कुणीही घरी बसून गोळ्या कमी करायच्या नाहीत. औषध कमी केलं की रिजेक्शनचा धोका वाढतो, त्यामुळे त्या काळात क्रिएटिनिन आणि लेव्हल वरचेवर करतात. लेव्हलचं रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं हे माहीतच असेल, त्या काळात त्यात एक दिवसही गडबड नको, कारण त्या एका आकड्यावर डोस ठरत असतो.

तेवढ्याने भागलं नाही आणि पेशी सीडी-२० पॉझिटिव्ह असतील तर रिटुक्सिमॅब देतात, साधारण आठवड्यातून एकदा असे चार डोस. सलाइनमधून हळूहळू जातं, पहिल्या वेळी थंडी-ताप येऊ शकतो म्हणून पूर्ण दिवस मोकळा ठेवा आणि शाल न्या. त्याआधी हिपॅटायटिस बी ची टेस्ट झालीये ना ते विचारा, जुना दबलेला हिपॅटायटिस बी असेल तर तो ह्या औषधाने उसळतो. एकच गाठ असेल तर काहींना ऑपरेशन किंवा थोडं रेडिएशन पुरतं. आजार जोरात असेल तर केमो लागते. टी-सेलचा असेल तर रिटुक्सिमॅबचा उपयोग नाही, तिथे वेगळा रस्ता असतो.

सगळे विचारतात, व्हायरस आहे तर व्हायरसचं औषध का नाही देत? मीही विचारलं होतं. अॅसायक्लोव्हिरसारखी औषधं व्हायरस स्वतःच्या प्रती काढत असताना काम करतात, आणि ह्या गाठीतला व्हायरस पेशीच्या आत गप्प बसलेला असतो, पेशीच वाढत जाते. म्हणून त्यांचा उपयोग होत नाही.

एक आग्रह धरा, कॅन्सरचे डॉक्टर आणि ट्रान्सप्लांटचे डॉक्टर एकमेकांशी बोलले पाहिजेत. वेगवेगळ्या हॉस्पिटलमध्ये असतील तर तुम्हीच दोघांचे नंबर एकमेकांना द्या आणि प्रत्येक भेटीचा कागद दुसऱ्याकडे न्या. एकाने लिहिलेली गोळी दुसऱ्याला विचारल्याशिवाय सुरू करायची नाही.

पैसे

रिटुक्सिमॅब भारतात २००७ पासून बनतं, त्यामुळे बाहेरच्या कंपनीच्या मूळ औषधापेक्षा स्वस्त मिळतं, डॉक्टरांना भारतीय ब्रँड चालेल का विचारा. कॅन्सरचे उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत येतात, पण प्रत्येक हॉस्पिटल प्रत्येक गोष्टीसाठी योजनेत नसतं, म्हणून अॅडमिट व्हायच्या आधी आरोग्यमित्राच्या (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या) काउंटरवर रेशनकार्ड आणि आधार घेऊन बसा. पुण्यातली बरीच मोठी हॉस्पिटलं धर्मादाय ट्रस्टची आहेत, त्यांना दहा टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि दहा टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, त्याची चौकशी मेडिकल सोशल वर्करकडे करायची, बिलिंगच्या खिडकीवर नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा, ऐन वेळी तो मिळता मिळत नाही. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज पण मेडिकल सोशल वर्करच भरून देतात.

ज्यांचं ट्रान्सप्लांट अजून व्हायचंय

तुम्ही अजून वेटिंगवर असाल किंवा घरातलाच डोनर ठरला असेल तर आत्ताच पेशंट आणि डोनर दोघांचा ईबीव्ही आयजीजी झालाय का ते विचारा (इथे मात्र ही टेस्ट कामाची आहे, निदानासाठी नाही, आधी होऊन गेलाय का हे बघायला). पेशंट निगेटिव्ह आणि डोनर पॉझिटिव्ह असेल, लहान मुलांमध्ये हे बऱ्याचदा असतं, तर पहिलं वर्षभर ठरावीक दिवसांनी पीसीआर करणार का आणि औषधं कुठली निवडणार हे डॉक्टरांशी बोलून घ्या. बेलाटासेप्ट नावाचं एक औषध तर ईबीव्ही निगेटिव्ह पेशंटला देतच नाहीत. दोघांचेही रिझल्ट फाइलच्या पहिल्या पानावर, ब्लड ग्रुपच्या खाली, पेनाने लिहून ठेवा, पुढे दहा वर्षांनी कुणी विचारलं तर तो रिपोर्ट शोधूनही सापडत नाही.